पडवीतला बास्केटबॉल

(वेंगुर्ल्यात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. संयोजकांनी मला विषय दिला होता 'खेळ आणि व्यक्तिमत्त्व विकास'. मी त्यांना म्हटलं, त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही. मी बास्केटबॉल खेळणाऱ्या पोरींना थांबायला शिकवते, त्यावर बोलू का? फोनवर जरा शांतता झाली. मग म्हणाले, "बोला, पण वेळेत आटपा. लोकांना शेवटची एसटी गाठायची असते." म्हणजे थांबण्यावर बोलायचं, पण घाईत.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी आमचं कोर्ट पाहिलंय. 28 मीटर लांब, 15 मीटर रुंद, सिमेंटचं, आणि डोक्यावर आभाळ. जूनच्या मध्यापर्यंत त्यावर शेवाळ धरतं. पहिल्या वर्षी आम्ही खराट्याने घासलं, ब्लिचिंग पावडर टाकली, गोणपाटं अंथरली. दोन दिवसांत पुन्हा हिरवंगार. एक पोरगी घसरून कोपरावर आपटली, त्या दिवशी मी कोर्टाला कुलूप लावलं आणि सगळ्यांना शाळेच्या पडवीत आणलं. पडवी कोब्याची, तीन मीटर रुंद. एका बाजूला वर्गांची दारं, दुसऱ्या बाजूला पागोळ्या. तिथे चेंडू आपटायची सोय नाही, आत तास चालू असतात. रिंग तर नाहीच. मग चार महिने करायचं काय?

आता गंमत बघा. हा खेळ जन्मालाच आला तो बाहेर पडता येत नव्हतं म्हणून. 1891 सालचा डिसेंबर. अमेरिकेत स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाचे एक शिक्षक होते. बाहेर कडाक्याची थंडी, आत व्यायामशाळेत अठरा दांडगे विद्यार्थी कवायतीला कंटाळलेले. त्यांना गुंतवायला काहीतरी हवं होतं. अमेरिकी फुटबॉलसारखं आडवं पाडणं लाकडी जमिनीवर चालणार नाही. नेस्मिथ यांनी विचार केला, माणसं एकमेकांना पाडतात का? तर चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवायला. मग पळणंच बंद करा! त्यांच्या 13 नियमांतला तिसरा नियम हाच: चेंडू घेऊन धावायचं नाही, पकडला तिथूनच टाकायचा. जो वेगात असताना पकडेल त्याला थोडी सवलत. पीचच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून आजही रिंग 3.05 मीटरवर आहे.

नियम पुढे बदलत गेले. आज धावत चेंडू घेणाऱ्याला दोन पावलं मिळतात, आणि 2017 पासून तर पकडतानाचं पाऊल मोजतच नाहीत. बाकावरचे काका मात्र अजून "ट्रॅव्हल, ट्रॅव्हल", म्हणजे पावलं जास्त झाली, म्हणून ओरडतात. ओरडू देत.

मला यात दिसतं ते एवढंच: बर्फामुळे छपराखाली जन्मलेला खेळ आपण कोकणात आणला आणि उघड्यावर मांडला. कुठेही निधी आला की आधी सिमेंट ओततात, मग फीत कापतात. त्याऐवजी निम्म्या आकाराचं कोर्ट करा, पण वर पत्रे घाला. हे मी तीन वेळा अर्जात लिहिलंय. तिन्ही वेळा उत्तर आलं, अर्ज पुढे पाठवला आहे. किती पुढे ते विचारलेलं नाही.

तर पडवी. पडवीत मी शिकवते ती एकच गोष्ट, जम्प स्टॉप. चार पावलं धावायचं, किंचित उडी आणि दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर. तसं उतरलात की दोन्हींपैकी कुठलाही पाय रोवून वळता येतं. एकामागून एक टेकलेत तर पहिला टेकला तोच रोवलेला, निवड संपली. मी डोळे मिटून उभी राहते आणि ऐकते. 'धप्' असा एक आवाज आला तर बरोबर. 'धप्‌धप्' आला की परत. पाऊस पत्र्यावर जोरात आला की काही ऐकू येत नाही, तेव्हा गुडघे बघते. गुडघा वाकलेला हवा आणि त्याचा रोख पायाच्या मधल्या बोटाकडे हवा, अंगठ्याच्या आत झुकता कामा नये.

गुडघ्यांकडे मी इतकी का बघते ते सांगते. कोल्हापूरला कॉलेजात होते. तिसऱ्या वर्षाला, आंतरमहाविद्यालयीन सामना. फास्ट ब्रेक मिळाला, म्हणजे चेंडू हाती येताच रिंगकडे सुसाट सुटायची संधी, समोर कुणी नाही. ले-अप टाकला, म्हणजे धावत येऊन उडी मारून रिंगजवळून चेंडू टाकला, तो आत पडलाही. उतरताना उजवा पाय टेकला आणि गुडघा आत वळला. अंगाला कुणाचा धक्काही नव्हता. सुकी काटकी मोडावी तसा आवाज मला आतून ऐकू आला. बर्फ लावला, दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून मला पुन्हा उतरवलं. कुणी उतरवलं ते सांगत नाही, त्यांनाही कुणी शिकवलेलं नव्हतं. गुडघ्यातला एसीएल नावाचा बंध तुटला होता. शस्त्रक्रियेत मांडीमागचा स्नायुबंध काढून तिथे बसवतात, आणि मग भिंतीला धरून लहान मुलासारखं चालायला शिकायचं. ही दुखापत बहुतेक वेळा टक्कर होऊन होत नाही, उतरताना, थांबताना, वळताना होते. मुलांपेक्षा मुलींमध्ये जास्त होते. सात वर्षं मी खेळले. शूटिंग शिकवलं, पासिंग शिकवलं. खाली कसं यायचं ते कुणीच शिकवलं नाही.

पोरींना आधी हे कंटाळवाणं वाटलं. खरं सांगायचं तर निम्म्या सोडून गेल्या. दहावीच्या काही जणी सवलतीच्या गुणांसाठी आल्या होत्या, त्या सर्टिफिकेट कधी मिळणार एवढंच विचारायच्या. पण एक पोरगी होती, वडिलांची होडी आहे, ती पहिल्याच दिवशी बरोबर उतरली. मी विचारलं, कुठे शिकलीस? तिला प्रश्नच कळला नाही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. होडीत ताठ गुडघ्याने कुणी उभं राहत नाही. लाट आली की गुडघे आपोआप मऊ होतात. तेव्हापासून मी पडवीत 'नी अलाइनमेंट' वगैरे बोलत नाही. "होडीत हास, लाट इली" म्हणते. सगळ्यांना कळतं, होडीत कधी न बसलेल्यांनाही.

घरच्यांची समजूत घालणं हा वेगळा खेळ. एक आई भर बाजारात, मासळीच्या टोपलीपाशी मला म्हणाली, "मॅडम, चेडू उन्हात काळा पडतला. आणि हात मोडलो तर लगीन कसा होतला?" चेडू म्हणजे पोरगी. मी म्हटलं, पावसात आम्ही पडवीत असतो, ऊन लागत नाही. हाताबद्दल काही बोलले नाही. तिने मला दोन बांगडे जास्त दिले, पण पोरीला पाठवलं नाही.

आणखी एक, पटकन सांगते. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी मिनी बास्केटबॉल असतो, रिंग 2.60 मीटरवर, चेंडू 5 नंबरचा. आपल्याकडे पाचवीची पोर मोठ्या रिंगकडे 7 नंबरचा मोठा चेंडू कळशी उचलावी तसा कमरेतून भिरकावते आणि आपण टाळ्या वाजवतो. वाजवू नका. ती सवय मोडायला पुढे दोन वर्षं जातात.

जाळ्याची गोष्ट राहिली. आपल्या खाऱ्या वाऱ्यात रिंग गंजते, बोल्ट गंजतात, साखळीची जाळी तर दोन पावसाळ्यांत हातात येते. मी त्या होडीवाल्या वडिलांना म्हटलं, रिंगला बारा ठिकाणी जाळं अडकवायचंय, नायलॉनचं विणून द्याल? त्यांनी माप विचारलं, आस, म्हणजे जाळ्याचं भोक, किती ठेवू विचारलं. मी नियम सांगितला, चेंडू त्यातून जाताना क्षणभर अडला पाहिजे आणि मग सुटला पाहिजे. त्यांनी विणता विणता मान वर केली. "म्हणजे जाळ्यात इलेला परत सोडूचा? असला जाळा पयल्यांदाच ऐकतंय." पण दिलं. आधीच्या कुठल्याही विकतच्या जाळ्यापेक्षा जास्त टिकलंय.

शालेय स्पर्धांत आपला जिल्हा कोल्हापूर विभागात येतो. आपल्याकडे बास्केटबॉलचे संघ मोजके, म्हणून जिल्ह्यातून बाहेर पडणं तसं सोपं. खरा सामना घाटावर. पहिल्या वर्षी आंबोली घाटात निम्म्या पोरी ओकल्या, आजऱ्यापर्यंत आलेपाक संपला, आणि मैदानावर आमचे दोन आकडी गुणही झाले नाहीत. समोरच्या संघातल्या पोरी वर्षभर छपराखाली खेळणाऱ्या. आमच्या पोरी परतताना एसटीत गाणी म्हणत होत्या. मला राग आला होता, मी खिडकीबाहेर बघत बसले.

दुसऱ्या वर्षीही हरलो, पण त्या सामन्यातला एक क्षण सांगून थांबते, कारण संयोजक घड्याळाकडे बघतायत. शेवटची मिनिटं. आमच्या होडीवाल्या पोरीने पास मधेच तोडला आणि सुटली. समोर रिंग मोकळी, मागे त्यांची उंच पोरगी भरधाव. आमचा सगळा बाक उभा राहून ओरडतोय, "पळ, पळ!" मीसुद्धा ओरडत होते, मला तेव्हा भान नव्हतं. रिंगच्या खाली आल्यावर तिने उडी घेतली आणि दोन्ही पायांवर थांबली. त्या गोंगाटातही मला तो एक 'धप्' ऐकू आला. मागची पोरगी थांबू शकली नाही, सरळ पुढे निघून गेली. आमचीने वर बघितलं, चेंडू सोडला. रिंगवर दोनदा आपटला आणि बाहेर पडला. बाकावरच्या पोरींनी कपाळाला हात लावला. मी तिच्या गुडघ्यांकडे बघत होते.