उमेदवार नक्की ठरवतं कोण? अमेरिकेतल्या डेमोक्रॅटिक पक्षाची गोष्ट

ऑगस्ट १९६८, शिकागो. डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन चालू आहे आणि बाहेर रस्त्यावर व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या पोरापोरींना पोलीस बदडून काढतायत, आणि हे सगळं देश घरबसल्या टीव्हीवर बघतोय. आत हॉलमध्ये ह्युबर्ट हम्फ्री राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून निवडले गेले. आता यातली खरी गोम ऐका. हम्फ्रींनी एकही प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायला राज्यात होणारं लोकांचं मतदान, लढवली नव्हती, एकही! उमेदवारीचे दुसरे इच्छुक युजीन मॅकार्थी आणि रॉबर्ट केनेडी राज्याराज्यांत फिरून मतं मागत होते, केनेडींना तर कॅलिफोर्निया जिंकल्याच्या रात्रीच गोळ्या घातल्या गेल्या, आणि इकडे बहुतेक डेलिगेट म्हणजे अधिवेशनात मत देणारे प्रतिनिधी गव्हर्नर, महापौर आणि पक्षातल्या वजनदार लोकांच्या हातात. कितीतरी प्रतिनिधी तर १९६८ उजाडायच्या आधीच ठरलेले होते, म्हणजे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन परत उभे राहणार नाहीत हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं तेव्हा.

पण राग काही त्या एका रात्रीत साठलेला नव्हता. चार वर्षं मागे जाऊ, १९६४, अटलांटिक सिटीतलं पक्षाचं अधिवेशन. फॅनी लू हेमर, मिसिसिपीच्या कापसाच्या शेतात राबलेली बाई, पक्षाच्या समितीपुढे बसून सांगतेय की मतदार म्हणून नाव नोंदवायला गेले म्हणून मळ्यावरून हाकलून दिलं, नंतर तुरुंगात टाकून मारलं. मिसिसिपीतून आलेलं अधिकृत शिष्टमंडळ सगळंच्या सगळं गोऱ्यांचं, कारण काळ्या लोकांना आत येऊच दिलं नव्हतं. ती बोलत असतानाच जॉन्सननी घाईघाईने पत्रकारांना बोलावलं, कॅमेरे तिकडे वळले, पण रात्रीच्या बातम्यांत तिचं बोलणं देशाने ऐकलंच. त्या गोऱ्या शिष्टमंडळाला आव्हान द्यायला आलेल्या तिच्या गटाला पक्षाने तडजोड म्हणून दोन जागा देऊ केल्या. त्यांनी त्या नाकारल्या, आणि बरोबरच केलं.

शिकागोनंतर पक्षाला काहीतरी करणं भागच होतं. जॉर्ज मॅकगव्हर्न आणि नंतर डोनाल्ड फ्रेझर यांच्या आयोगाने नियम बांधून दिले: प्रतिनिधी निवडायची पद्धत लेखी हवी, निवड निवडणुकीच्याच वर्षी आणि उघडपणे व्हायला हवी, आणि काळे लोक, बायका, तरुण यांना योग्य प्रमाणात जागा मिळायला हव्यात. हे सगळं पाळायचं तर सरळ प्रायमरी घेणं सोपं, असं बऱ्याच राज्यांना वाटलं आणि प्रायमऱ्या भराभर वाढल्या. मला विचाराल तर त्या पक्षाच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा बदल.

मग १९७२ ला खुद्द मॅकगव्हर्नच उमेदवार झाले आणि ४९ राज्यांत हरले. जुने नेते म्हणायला लागले, बघा, लोकांवर सोडलं की असं होतं! पुढे १९८४ पासून सुपरडेलिगेट आले, म्हणजे खासदार, गव्हर्नर, पक्षाचे पदाधिकारी, ज्यांना आपल्या मर्जीने मत देता येतं.

आता थेट २०१६ ला या. न्यू जर्सीत, जिथे एडिसनसारख्या भागात आपली मराठी माणसंही बरीच आहेत, ७ जूनला प्रायमरी होती, त्याच दिवशी कॅलिफोर्नियातही. आणि ६ जूनच्या रात्री असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने जाहीर करून टाकलं की हिलरी क्लिंटन यांचं गणित जुळलं. कशाच्या जोरावर? प्रायमरीतून मिळालेले प्रतिनिधी अधिक सुपरडेलिगेटनी खाजगीत सांगितलेला पाठिंबा! सकाळी रांगेत उभं राहणाऱ्याला काय वाटलं असेल? क्लिंटन लोकांच्या मतांतही प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्सच्या पुढे होत्या हे खरं आहे, ते नाकारून चालणार नाही, पण म्हणून त्या माणसाचा राग खोटा ठरत नाही. २०१८ मध्ये पक्षाने नियम बदलला, चुरस असेल तर अधिवेशनातल्या मतदानाच्या पहिल्या फेरीत सुपरडेलिगेटना मत नाही.

पण कुठल्या राज्याने आधी मत द्यायचं, त्या रांगेचं काय? आयोवा कित्येक वर्षं पहिलं. तिथे कॉकस, म्हणजे संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये जायचं, आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभं राहायचं, साधारण १५ टक्के माणसं जमली नाहीत तर दुसरा कोपरा शोधायचा. रात्रपाळीच्या नर्सने, तान्ह्या बाळाच्या आईने कधी जायचं तिथे? २०२० ला तर निकाल कळवायचं ॲपच गंडलं आणि निकाल कित्येक दिवस लटकला. २०२४ साठी पक्षाने साउथ कॅरोलायनाला पहिला मान दिला, काळ्या मतदारांचं तिथलं प्रमाण बघता ते योग्यच होतं, पण न्यू हॅम्पशायरने आपला कायदा पुढे करून आधीच मतदान घेतलं.

आणि त्याच वर्षी २१ जुलैला, प्रायमऱ्या संपल्यावर, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी उमेदवारीतून माघार घेतली. कमला हॅरिस यांची उमेदवारी प्रतिनिधींच्या ऑनलाइन मतदानाने ठरली. वेळच उरला नव्हता हे मान्य, पण प्रायमरीत लाखो लोकांनी दिलेली मतं दुसऱ्याच नावासाठी होती, आणि अशी वेळ आली तर काय करायचं याची लोकांना आधीपासून माहीत असलेली, पटलेली पद्धत पक्षाकडे असायला हवी होती.

सुरुवातीची राज्यं दर वेळी बदलती ठेवा, कॉकस बंद करा, आणि उमेदवाराने मध्येच माघार घेतली तर पुढे काय हे आधीच लिहून ठेवा, एवढं तरी करता येण्यासारखं आहे. २०२८ ची रांग कुठून सुरू करायची हा वाद पक्षात परत निघालाय, आणि न्यू जर्सीसारख्या जून महिन्यात मत देणाऱ्या राज्यांनी आत्ताच आवाज चढवायला हवा, कॅलेंडर छापून झाल्यावर नाही.