रात्री दोन वाजता सिस्टर असेल का? झेडपीच्या उमेदवाराला विचारायचे प्रश्न

जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत आपण दोन मतं देतो. एक गटासाठी, म्हणजे झेडपीसाठी, आणि दुसरं गणासाठी, म्हणजे पंचायत समितीसाठी. प्रचारात रस्ता येतो, पाणी येतं, सभामंडप येतो, हायमास्ट येतो. बाळंतपण येत नाही. आणि गावातल्या बाईचं साधं बाळंतपण जिथे व्हायला हवं ते प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र, दोन्ही झेडपीचीच आहेत. १९६१ च्या कायद्यानुसार झेडपीची आरोग्य समिती असते. तीत आपण निवडून दिलेले सदस्य बसतात आणि जिल्हा आरोग्य अधिकारी, म्हणजे डीएचओ, तिचे सचिव असतात. आपल्या मताचा लेबर रूमशी संबंध जोडणारी याहून सरळ वाट दुसरी नाही.

इथे एक गोष्ट आधीच पक्की करून घेऊ. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय झेडपीकडे नाहीत. ती राज्य शासनाची, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीतली. त्यामुळे ‘मला निवडून द्या, ग्रामीण रुग्णालयात सिझेरियन चालू करतो’ असं कुणी म्हणालं, तर त्याला आपल्या पदाची हद्द ठाऊक नाही असं समजा. भूलतज्ज्ञ आणि रक्त साठवण केंद्र यांच्यासाठी तो पाठपुरावा करू शकतो, जिल्हा नियोजन समितीवर निवडून गेला तर तिथे विषय मांडू शकतो. वचन मात्र त्याच्या हातात असलेल्या गोष्टीचंच घ्यायचं.

आरोग्याचा कारभार लोकांनी निवडून दिलेल्या माणसांनी पाहावा, ही कल्पना आपल्यापुरती नाही. न्यूझीलंडमध्ये २००१ पासून जिल्हा आरोग्य मंडळं होती. मंडळात जास्तीत जास्त ११ सदस्य, त्यातले ७ लोकांनी निवडलेले. मतदान टपालानं, दर तीन वर्षांनी. २००४ पासून तिथे मतदार उमेदवारांना पसंतीचे क्रम देऊ लागले. सात जागांसाठी साधारण एक अष्टमांश मतं मिळाली की उमेदवार निवडून येई, म्हणजे एका प्रश्नावर एकत्र आलेला छोटा गटही आपला माणूस मंडळात बसवू शकत होता. त्या देशात १९९० च्या कायद्यानं प्रशिक्षित प्रसाविकेला, म्हणजे मिडवाइफला, डॉक्टरच्या देखरेखीशिवाय बाळंतपण करण्याचा अधिकार मिळाला होता. आडगावातलं छोटं प्रसूतिकेंद्र चालू ठेवायचं की बंद करायचं, हा प्रश्न मग मंडळाच्या टेबलावर येई. १ जुलै २०२२ ला ती सगळी मंडळं बरखास्त झाली आणि कारभार एका राष्ट्रीय संस्थेकडे गेला. आपल्याकडेही २०२२ पासून अनेक झेडप्यांवर प्रशासक बसले होते. त्या काळात आरोग्य समितीत विचारायला सदस्यच नव्हता. निवडून आलेला सदस्य ही किती मोलाची गोष्ट आहे, ते अशा वेळी कळतं.

आता मुद्द्याचा हिशेब. मैदानी भागात ३०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी आणि डोंगरी भागात २०,००० ला. राज्याचा जन्मदर हजारी १५ च्या आसपास धरला तर ३०,००० लोकांत वर्षाला ४५० बाळंतपणं, म्हणजे महिन्याला ३७-३८. तुमच्या केंद्रात महिन्याला तीनच होत असतील, तर बाकीच्या बाया कुठे जातात? काही माहेरी जातात. पहिलटकरीण तर जातेच, आणि तिची नोंद दुसऱ्या तालुक्याच्या वहीत पडते. पण सुना माहेरी जातात तशा लेकीही माहेरी येतात, त्यामुळे फरक सगळा तिथे जिरत नाही. उरलेल्या बाया ग्रामीण रुग्णालयात किंवा कर्ज काढून खासगीत जातात. त्याचं मुख्य कारण एकच असतं. रात्री दार वाजवलं तर उघडायला कोणी असेल याची खात्री नसते.

ही खात्री किती माणसांनी येते, ते बोटांवर मोजा. आठवड्याचे तास १६८. एक सिस्टर आठवड्याला ४८ तास काम करते. १६८ ला ४८ नं भागलं की साडेतीन. त्यात रजा, प्रशिक्षण, आजारपण, लसीकरणाचे दिवस धरले की एक खुर्ची चोवीस तास भरलेली ठेवायला चार कमी पडतात, पाच लागतात. दोनच सिस्टर असतील तर त्या काही दिवस ओढतात, मग एकीला ताप येतो आणि रात्रीची बाई ‘पुढे न्या’ म्हणून परत फिरते. दोष त्या सिस्टरचा नसतो. गणितच तसं मांडलेलं असतं. हाच हिशेब १०२ च्या गाडीचा, म्हणजे गरोदर बाईला न्यायच्या सरकारी रुग्णवाहिकेचा. एका चालकावर चोवीस तास गाडी चालत नाही. गाडी दारात उभी असते आणि चालक घरी झोपलेला असतो.

म्हणून उमेदवाराला पहिला प्रश्न हा विचारा: आपल्या केंद्रात आरोग्य सेविका आणि स्टाफ नर्सची मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि भरलेल्यांपैकी प्रतिनियुक्तीवर बाहेर किती? तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो कुणी विचारत नाही. कागदावर पद भरलेलं दिसतं, पगारही निघतो, पण बाई दुसऱ्याच केंद्रात किंवा तालुक्याच्या कार्यालयात काम करत असते. नवी भरती झेडपी सदस्याच्या हातात नाही, ती शासनाच्या मंजुरीनं होते. प्रतिनियुक्ती रद्द करून माणूस मूळ जागी आणा, हे मात्र तो सर्वसाधारण सभेत सीईओंना ठणकावून विचारू शकतो. पुढच्या सभेत त्याच विषयावर अनुपालन अहवाल मागू शकतो. ‘स्टाफ वाढवतो’ म्हणणारा उमेदवार आणि ‘प्रतिनियुक्तीची यादी सभेत मागतो’ म्हणणारा उमेदवार, यात दुसऱ्याला काम कळतं.

दुसरी गोष्ट प्रशिक्षणाची. कुशल प्रसूती सेवेचं २१ दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलेली सिस्टर कधी ओपीडीत बसवतात, कधी ऑनलाइन नोंदींच्या कामाला लावतात. हात आठवणीनं चालतो, आणि तीन-चार महिने बाळंतपण केलं नाही की तो अडखळतो. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये प्रसाविका सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांनुसार अनुभवी परिचारिकेला १८ महिन्यांचं जादा प्रशिक्षण देऊन स्वतंत्रपणे बाळंतपण सांभाळणारी प्रसाविका तयार करायची आहे. अशी प्रसाविका आपल्या तालुक्यात येईल तेव्हा येईल. आज आहे तिला लेबर रूममधून हलवू नका, एवढा आग्रह तरी उमेदवारानं धरावा. सतत त्याच ओळखीच्या बाईनं तपासलं, कळा सुरू झाल्यावर तीच जवळ असली, तर बाई घाबरत नाही आणि उगाच घाई होत नाही. १७,००० हून अधिक स्त्रियांवरच्या १५ चाचण्यांचा एकत्र अभ्यास झाला, त्यात अशा प्रसाविकेच्या देखरेखीत चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून करायची बाळंतपणं कमी झालेली दिसली.

आता लेबर रूममध्ये जाऊ. उमेदवाराला घेऊन तिथे जा, मात्र वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन आणि आत कोणी बाळंत होत नसताना. फक्त दोन वस्तू पाहा.

पहिली, फ्रिज. बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटाच्या आत मांडीत ऑक्सिटोसिनची १० युनिट द्यायची असतात. त्यानं गर्भाशय आकसतं, वार सुटते आणि रक्त थांबतं. हे इंजेक्शन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावं लागतं. उन्हाळ्यात लाइट वारंवार जात राहिली, इन्व्हर्टर नसला आणि औषध आठवडेच्या आठवडे उष्णतेत राहिलं, तर कुपी दिसायला तशीच असते पण जोर उतरलेला असू शकतो. मग सिस्टर इंजेक्शन वेळेवर देते आणि तरी रक्त वाहत राहू शकतं. फ्रिजच्या दारावर तापमानाची नोंदवही असायला हवी, दिवसातून दोनदा भरलेली. महिनाभराचे सगळे आकडे एकाच पेनानं, एकाच हातानं, एकसारखे ‘४, ४, ४’ लिहिलेले असतील, तर ती वही आदल्या रात्री बसून भरलेली आहे.

दुसरी, मॅगसल्फ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन. रक्तदाब चढून गरोदर बाईला झटके येतात तेव्हा पुढे पाठवण्याआधी पहिला डोस द्यायचा असतो: १० ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम. एका २ मिलीच्या अँपूलमध्ये १ ग्रॅम असतं. म्हणजे एका बाईला १० अँपूल लागतात. स्टॉक रजिस्टरवर ‘मॅगसल्फ उपलब्ध’ असं लिहिलेलं असतं आणि ट्रेमध्ये चार अँपूल असतात. चार अँपूल म्हणजे डोस नाही. मोजून पाहा, आणि मागे छापलेली मुदतीची तारीखही वाचा.

इन्व्हर्टरची बॅटरी, फ्रिजची दुरुस्ती, कमी पडलेलं औषध, यांसाठी मुंबईपर्यंत जावं लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत त्या गटाचा झेडपी सदस्य असतो आणि समितीकडे खर्चाला निधी असतो. गावपातळीवर ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधी मिळतो. झेडपीच्या सेस फंडातूनही, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नातूनही, तरतूद करता येते. उमेदवाराला विचारा, तुमच्या गटात रुग्ण कल्याण समितीची शेवटची बैठक कधी झाली? मागच्या वेळी तोच सदस्य असेल आणि त्याला तारीख आठवत नसेल, तर समिती कागदावरच चालली. नवी इमारत बांधून देतो, या वचनावर मात्र भुलू नका. इमारतीचं टेंडर निघतं, कोनशिला बसते, फोटो येतो. आत सिस्टर नसेल तर ती खोली वर्षभरात गोदाम होते.

ही माहिती हातात असल्याशिवाय प्रश्न विचारू नका, उमेदवार हसून वेळ मारून नेतो. माहितीचा अधिकार वापरा. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून दोन अर्ज करा. एक पदांचा: मंजूर, भरलेली, रिक्त, प्रतिनियुक्तीचे आदेश. दुसरा कामाचा: गेल्या १२ महिन्यांत दर महिन्याला झालेली बाळंतपणं आणि पुढे पाठवलेल्या बायांची संख्या. प्रत्येक अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही, दाखला जोडावा लागतो. उत्तराला ३० दिवस लागतात आणि पहिलं अपील करावं लागलं तर आणखी महिना जातो. म्हणून निवडणूक जाहीर व्हायची वाट पाहू नका. बायांची नावं मागू नका. ती द्यायचीही नसतात आणि आपल्याला नकोतही.

उमेदवार ठरवताना निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, ही मोठी जमेची बाजू. पण उमेदवार महिला असेल तर प्रश्न तिलाच विचारायचे. उत्तर द्यायला नवरा पुढे सरसावला तर त्याला नम्रपणे सांगायचं, दादा, अर्ज ताईंनी भरलाय. निवृत्त आरोग्य सेविका किंवा निवृत्त सिस्टर उभी राहायला तयार असेल तर तिच्या पाठीशी उघडपणे उभं राहा. तिला सभेत कुणी आकड्यात गुंडाळू शकत नाही. राखीव जागा असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचं काम वर्षभर आधी काढा, दोन अपत्यांची अट तपासून घ्या, आणि निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब दाखल करायला विसरू नका. तो न दिल्यानं अपात्र ठरवलं जातं. नोकरीत असलेल्या सिस्टर, आरोग्य सेविका आणि आशाताईंना मात्र प्रचारात ओढू नका. त्यांची नोकरी आणि मानधन पणाला लागतं आणि नंतर तीच लेबर रूम रिकामी पडते.

उमेदवाराकडून वचन लेखी घ्या, एका पानावर, सहीनिशी, सगळ्या उमेदवारांकडून सारखंच. त्यात चारच वाक्यं पुरेत: प्रत्येक सर्वसाधारण सभेत रिक्त पदं आणि प्रतिनियुक्तीचा प्रश्न मांडीन, रुग्ण कल्याण समितीची बैठक वेळेवर घ्यायला लावीन, १०२ च्या दुसऱ्या चालकासाठी पाठपुरावा करीन, महिन्यातून एकदा रात्री केंद्राला भेट देईन. सही केलेलं पान ग्रामपंचायतीच्या फलकाशेजारी नको, आचारसंहितेत अडकेल. बचत गटाच्या बैठकीत वाचून दाखवा.

निवडून आल्यावर सत्कार होईल, हार घातले जातील. सभापती कोण होणार याची चर्चा चालू असेल. त्याच आठवड्यात नव्या सदस्याला भेटून मंजूर, भरलेली आणि प्रतिनियुक्तीवरची पदं, हे तिन्ही आकडे पुन्हा हातात द्या आणि आरोग्य समितीत जागा मागायला सांगा. बांधकाम समितीसाठी रस्सीखेच असते, आरोग्यासाठी फारशी नसते. ती मागितली तर मिळण्याची शक्यता चांगली. पहिल्या सर्वसाधारण सभेचा प्रश्न लेखी आणि मुदतीच्या आत द्यावा लागतो, तो तुम्हीच कागदावर मांडून द्या: आमच्या केंद्रातल्या कोणत्या सिस्टर कोणत्या तारखेपासून कुठे प्रतिनियुक्तीवर आहेत, आणि त्या मूळ जागी कधी परत येणार?