फॉरबिडन सिटीत फोटो काढताना: आधी ऊन बघा, मग दरवाजे

मंडळी, बीजिंगच्या फॉरबिडन सिटीत, म्हणजे चिनी बादशहांच्या जुन्या राजवाड्यात गेलेले बहुतेक लोक परत आल्यावर एकच तक्रार करतात, की तिथे उभं राहिल्यावर जे वाटलं ते फोटोत आलंच नाही. आणि ते येणारच नाही हो, कारण पहिल्याच चौकात मोबाईल वर करून आपण समोरचं सगळं एका फ्रेममध्ये कोंबायला बघतो. ७२ हेक्टरची जागा आहे ती, उत्तर-दक्षिण ९६१ मीटर, पूर्व-पश्चिम ७५३ मीटर आणि भोवती ५२ मीटर रुंद खंदक. योंगले बादशहाच्या काळात १४०६ ला काम सुरू झालं, १४२० ला संपलं, आणि पुढे १९१२ पर्यंत मिंग आणि चिंग घराण्यांचे मिळून २४ बादशहा इथे होऊन गेले. आणि मुळात त्याची रचनाच अशी की सगळं एकदम दिसू नये. एक दरवाजा ओलांडला की चौक, चौकापलीकडे परत दरवाजा, त्यातून पुढचं छप्पर थोडंसं दिसतं. माझं आजचं सांगणं एवढंच आहे की फोटोही तसेच काढा, तुकड्या-तुकड्यानं आणि दरवाज्यातून.

आधी जायचं बघू. सोमवारी बंद असतं, मोठ्या सुट्ट्यांचे अपवाद सोडून. तिकीट एप्रिल ते ऑक्टोबर ६० युआन, बाकीच्या महिन्यांत ४०, पण ते पासपोर्टवर ऑनलाईन आधीच काढावं लागतं, ऐनवेळी गेलात तर मिळेल ह्या भरवशावर राहू नका. आत शिरायचं फक्त दक्षिणेकडून, मेरिडियन गेटमधून, आणि सकाळी साडेआठला उघडतं तेव्हा दारात असा.

आता उन्हाचं. अख्खा राजवाडा उत्तर-दक्षिण अक्षावर आहे आणि मोठे महाल दक्षिणेकडे तोंड करून उभे आहेत, म्हणजे तुम्ही दक्षिणेकडून चालत येता तेव्हा दुपारी सूर्य तुमच्या पाठीशी आणि महालाच्या तोंडावर. ऐकायला छान वाटतं, पण जूनमध्ये बीजिंगला भर दुपारी सूर्य ७३ अंशांवर असतो, छपरं पुढे आलेली असतात, त्यामुळे वळचणीखालचं सगळं निळं-हिरवं रंगकाम काळंठिक्कर पडतं आणि वरची पिवळी कौलं भाजून निघतात. डिसेंबरमध्ये तोच सूर्य २६-२७ अंशांवर असतो, ऊन थेट वळचणीत शिरतं आणि एकेक तुळई वाचता येते. मला विचाराल तर थंडीतच जा, उत्तरेचा वारा सुटून गेला की हवाही स्वच्छ होते. उन्हाळ्यातच जाणं होत असेल तर दुपारी मोठ्या चौकांचा नाद सोडा आणि बाजूच्या गल्ल्यांत शिरा, तिथे उंच भिंतींमुळे अर्धी सावली अर्धं ऊन असतं आणि गर्दीही कमी, कारण बहुतेक सगळे मधल्या रस्त्यानं सरळ चालत राहतात.

लाल भिंतींबद्दल जरा सविस्तर बोलतो कारण सगळ्यात जास्त फोटो तिथेच बिघडतात. फ्रेममध्ये लालच लाल असलं की कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग आपोआप जुळवणारी सोय) गोंधळतो, त्याला वाटतं उजेडच लाल आहे, मग तो रंग निळ्या-हिरव्याकडे ढकलतो आणि भिंत मळकट दिसते. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर ठेवा, काम झालं. दुसरं म्हणजे उन्हातली लाल भिंत एक्सपोजरलाही, म्हणजे किती उजेड घ्यायचा त्या हिशोबालाही फसवते, लाल चॅनल आधीच फुटलेला असतो (लाल रंग मर्यादेबाहेर जाऊन त्यातले बारकावे गेलेले असतात) आणि साध्या हिस्टोग्राममध्ये, म्हणजे फोटोतल्या उजेडाच्या आलेखात ते कळत नाही, म्हणून कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम असेल तर तो लावा, मोबाईल असेल तर भिंतीवर बोट दाबून धरून उजेड थोडा खाली ओढा. आणि माणसाला अगदी भिंतीला टेकवून उभं करू नका, भिंतीवरून उलटून आलेला उजेड चेहऱ्यावर पडतो आणि गाल तांबूस होतात. चार पावलं पुढे या म्हणावं. पांढऱ्या संगमरवरी कठड्यांचंही तेच, एक्सपोजर त्या पांढऱ्यावर बेतायचं, सावल्या नंतर उचलता येतात पण जळालेला पांढरा परत येत नाही. कौलांवरची चमक पोलरायझरनं बरीच कमी होते, एवढा एक फिल्टर मात्र न्याच.

ताइहे महाल सगळ्यात मोठा, तीन थरांच्या जोत्यावर उभा. समोरून त्याचा फोटो सगळेच काढतात, तुम्हीही काढा, पण चौकाच्या अगदी दक्षिण टोकावरून, कॅमेरा सरळ धरून, नाहीतर वर बघत काढलेल्या फोटोत खांब मागे कलंडतात. मग टेली लेन्स (लांबचं जवळ आणणारी) लावून छपराच्या कोपऱ्यावर या. तिथे ओळीनं प्राणी बसवलेत, पुढे पक्ष्यावर स्वार झालेला एक माणूस आणि त्याच्यामागे १० प्राणी, तो स्वार ह्या दहांत धरत नाहीत. बाकी महालांवर ते कमी आहेत, महालाचा मान जसा तशी संख्या. जोत्याच्या कडेनं ड्रॅगनच्या तोंडाच्या हजारावर पन्हाळी आहेत, जोराचा पाऊस आला तर पळू नका, त्या तोंडांतून पाणी उडतं तो फोटो रोज मिळत नाही. महालाच्या आत जाता येत नाही, दारातूनच बघायचं, आत अंधार, फ्लॅश नाही, मागून रेटारेटी. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) वाढवा, कोपर चौकटीला टेकवा, दोन-तीन शॉट घ्या आणि पुढच्या माणसाला जागा द्या.

बाओहे महालाच्या मागे कोरीव दगडाचा एक उतार आहे, एकसंध दगड, साडेसोळा मीटर लांब आणि २०० टनांहून जड. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हातच त्यावरचे ड्रॅगन उठून दिसतात, डोक्यावरच्या उन्हात तो नुसता करडा पट्टा दिसतो.

गर्दी जायची वाट बघत बसू नका. एखादा माणूस दरवाज्यात काळ्या आकृतीसारखा यू द्या, त्याच्यामुळेच दरवाजा केवढा आहे ते कळतं.

उत्तरेच्या दारातून बाहेर पडलात की परत आत येता येत नाही, त्यामुळे आतलं सगळं आटपूनच निघा. बाहेर खंदकाच्या कोपऱ्यांवर मनोरे आहेत. वायव्येचा मनोरा संध्याकाळी खंदकापलीकडून काढा, पश्चिमेचं ऊन तुमच्या पाठीवरून त्याच्यावर पडतं. ईशान्येचा मनोरा थंडीतल्या सूर्यास्ताला, कारण तेव्हा सूर्य त्याच्या मागे जातो आणि नुसती आकृती मिळते. वारा असेल तर पाण्यात प्रतिबिंब नाही, सोडून द्या.

आणि अख्खा राजवाडा एकाच फोटोत हवाच असेल तर रस्त्यापलीकडे जिंगशान टेकडी आहे, खंदक खणताना निघालेल्या मातीचीच केलेली. वरून तुम्ही दक्षिणेकडे बघता, त्यामुळे दुपारी सूर्य समोर येतो आणि सगळं धुरकट दिसतं. उन्हाळ्यात संध्याकाळी जा, तेव्हा सूर्य वायव्येला उतरतो, पिवळी छपरं तुमच्या मागच्या-उजव्या बाजूनं उजळतात. कठड्याची जागा अपुरी असते, तास-दीड तास आधी पोचा. ड्रोन मात्र हॉटेलवरच राहू दे, मध्य बीजिंगमध्ये उडवायला बंदी आहे.