बसून जिंकणारा
(नागपुरात कॉलेजच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नव्वदच्या दशकात सीताबर्डीच्या एका गल्लीत व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. अर्धं खाली ओढलेलं शटर, आत मे महिन्याचा उकाडा, एका रुपयाला एक टोकन. 'मुस्तफा'च्या मशीनभोवती सगळ्यात जास्त गर्दी. मी मात्र कोपऱ्यातल्या 'स्ट्रीट फायटर टू' या दोघांच्या मारामारीच्या गेमपाशी पैसे उडवायचो, आणि तिथे एक दादा मला रोज हरवायचा.

तो कायम गाईल हा लढवय्या घ्यायचा. स्टिक मागे-खाली दाबून धरायची आणि बसायचं. मधूनच एक सॉनिक बूम, म्हणजे लांबून येणारा ऊर्जेचा गोळा, सोडायचा. मी तो चुकवायला उडी मारली की खालून फ्लॅश किक, म्हणजे वर झेपावणारी लाथ. मी पुन्हा उडी मारायचो, पुन्हा लाथ खायचो. एकदा वैतागून म्हटलं, "बे, तू खेळून राहिला की बसून राहिला?" तो स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाला, "जिंकून राहिलो."

आमच्या भाषेत तो रडीचा डाव होता. सगळ्या ट्रिका येत असताना दोनच वापरणं म्हणजे भित्रेपणा, असं आम्हाला ठाम वाटायचं.

आता त्या दोन ट्रिकांची जोडी बघा. सॉनिक बूमसाठी स्टिक काही क्षण मागे धरावी लागते, फ्लॅश किकसाठी खाली. मागच्या-खालच्या कोपऱ्यात धरली की दोन्हींची तयारी एकदम होते. बूम समोरच्याला उडी मारायला लावतो आणि उडीला उत्तर आधीच तयार असतं. म्हणजे दादा माझ्या चालीची वाट बघत नव्हता, ती चाल तोच माझ्याकडून करवून घेत होता. एवढी आखीव गोष्ट मला आळस वाटली होती!

यामागे साधं गणित आहे. हे खेळ सेकंदाला ६० फ्रेम्सने, म्हणजे ६० चित्रांनी, चालतात. डोळ्यांनी पाहून बोट हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे १५ फ्रेम्स. वेगवान ठोसा ४-५ फ्रेम्समध्ये येऊन लागतो. तो बघून अडवणं कुणालाच जमत नाही, तिथे अंदाजच चालतो. उडी मात्र सुमारे ४५ फ्रेम्सची. ती दिसते, तिला उत्तर देता येतं, पण तुम्ही तिच्याचकडे डोळे लावून बसला असाल तर. डोक्यात बारा ठोशांचा कॉम्बो घोळत असेल तर उडी दिसेपर्यंत ती तुमच्या डोक्यावर असते. चाली कमी ठेवायच्या त्या यासाठी. वाचलेलं लक्ष समोरच्यावर खर्च करता येतं.

आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तो कोनेरू हम्पीविरुद्ध रॅपिड टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरी फोडायच्या झटपट डावांत. घड्याळातला वेळ कमी झाला की पटावरही सगळे पर्याय तपासत बसता येत नाही. आमच्या खेळात तर टायब्रेक पहिल्या क्षणापासूनच सुरू असतो.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी २००४ च्या 'इव्हो' या फायटिंग गेम्सच्या स्पर्धेतली ती क्लिप पाहिली असेल. 'स्ट्रीट फायटर'च्याच 'थर्ड स्ट्राइक' या गेममध्ये दाइगो उमेहाराचा केन, समोर जस्टिन वाँगची चुन-ली. दाइगोची शक्ती नखाएवढी उरलेली. चुन-लीने सुपर, म्हणजे तिचा सगळ्यात जोरदार हल्ला, सोडला आणि दाइगोने त्यातले १५ च्या १५ फटके पॅरी करून, म्हणजे नेमक्या क्षणी परतवून, सामना फिरवला. लोक त्याला चमत्कार म्हणतात. बोटांचा चमत्कार होताच, त्यात वाद नाही. पण त्या क्षणी निर्णय किती थोडे उरले होते! सुपर नुसता ब्लॉक केला असता तरी उरलेली शक्ती झिजून तो हरला असता. कोणता धोका येणार हेही उघड होतं. उरलं एकच काम, बरोबर वेळी स्टिक पुढे करणं. सरावाने बोटं तयार होतीच.

अर्थात साधेपणाच्या नावाखाली एकच लाथ घासत बसणारेही मला भेटतात. तीच चाल, त्याच तालात. तिसऱ्या वेळी समोरचा तो ताल पकडतो आणि मग यांचं काही खरं नसतं. दादाकडे चाली दोनच, पण बूम कधी येईल याचा पत्ता नाही. कधी लागोपाठ दोन, कधी नुसताच बसून. फरक होता तो वेळेत.

त्याला हरवायला मला जवळजवळ सगळी उन्हाळ्याची सुट्टी लागली. एक दिवस ठरवलं, पुढे उडी मारायचीच नाही. बूम आला की ब्लॉक, नाही आला की एक पाऊल पुढे. ब्लॉक करतानाही थोडी शक्ती जायचीच, ती जाऊ दिली. मागे बसता बसता तो स्क्रीनच्या कडेला अडकला, आणि तिथे मी खालच्या लाथा आणि थ्रो, म्हणजे पकडून आपटणं, एवढंच वापरलं.

राउंड संपल्यावर तो स्टिक सोडून माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "काहून बे, उडी काहून नाही मारली?"