सोंड धरा, नाळ सोडा: सह्याद्रीत वाट सांगणाऱ्याचे शब्द कसे ऐकायचे

नमस्कार मंडळी. घाटमाथ्यावरच्या एखाद्या धनगरवाड्यात कोकणात उतरायची वाट विचारलीत, की उत्तर साधारण असं येतं: "त्या धारंनं जावा, मोहरं सोंड लागंल. सोंडंनं पदरात उतरा, तिथनं आडवं मारा. ढोरवाटंला लागू नका, नाळ धरा." नुसती मान डोलवून निघालात, तर दुपारपर्यंत कड्याच्या काठावर अडकलेले असाल. सांगणाऱ्याचं काहीच चुकलेलं नसतं. त्यानं जमिनीचा आकार सांगितला, आपण फक्त दिशा ऐकली.

सोंडेपासून सुरू करू. डोंगराच्या माथ्यापासून खाली उतरत जाणारा निमुळता दांडा म्हणजे सोंड. तिचा अगदी माथा अरुंद असेल, दोन्हीकडे उतार असेल, तर तीच धार. दोन सोंडांच्या मधे पाण्यानं कोरलेली उभी, दगडधोंड्यांनी भरलेली घळ म्हणजे नाळ. राजगड-तोरण्याकडून रायगडाकडे जाणाऱ्यांना सिंगापूरची नाळ आणि लिंगाण्याजवळची बोराट्याची नाळ माहीत असते. हरिश्चंद्रगडावर बेलपाड्याहून येणारी नळीची वाट त्याच जातीची, पण तिच्यात कातळटप्पे आहेत, तिथं दोर लागतो.

[कॅमेऱ्यासमोर हाताचा पंजा, बोटं खाली]

आता हे नीट बघा. मनगट म्हणजे माथा, बोटं म्हणजे सोंडा. खालून वर जाताना कुठल्याही बोटावरून चढा, मनगटाकडेच पोचाल. उतरताना मात्र प्रत्येक फाट्यावर चुकायची संधी. वर पन्नास पावलांची चूक, खाली मधे अख्खी दरी. आणि चुकीची सोंड शेवटी कड्यावर संपली, की तेवढं सगळं पुन्हा चढायचं.

नाळेत नेमकं उलट. पाणी खाली जाताना एकत्र येतं, त्यामुळे उतरताना सगळ्या शाखा मुख्य नाळेत मिळतात. चढताना प्रत्येक शाखेपाशी प्रश्न पडतो: डावी की उजवी? म्हणून सोंडेनं उतरायचं असेल तर माथ्यावर असतानाच समोरची सोंड ओळखून, तिच्या पायथ्याचं गाव डोळ्यांनी हेरून मगच पाऊल टाका. नाळेनं चढायचं असेल, तर किती शाखा सोडायच्या ते मोजून विचारा. "दुसरी सोडा, तिसरी धरा" असं उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.

नाळेत वाट चुकण्यापेक्षाही सुटलेला दगड जास्त वाईट. पुढच्याच्या पायाखालून निघालेला धोंडा खालच्यापर्यंत पोचेस्तोवर वेग घेतो. म्हणून घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावर, सगळ्यांनी ओळीत एकाखाली एक चालायचं नाही. एक जण आडोशाला पोचला की दुसऱ्यानं निघायचं. दगड सुटला की मोठ्यानं "दगड!" एवढंच ओरडायचं. आणि पावसाळ्यात नाळ हा ओढाच असतो. जून ते सप्टेंबर तिच्या वाटेला जाऊ नका.

पदर. हा शब्द शहरातल्या ट्रेकरला सहसा माहीत नसतो, आणि सगळ्यात कामाचा आहे. सह्याद्री लाव्हाच्या आडव्या थरांनी बनलाय. कठीण थराचा उभा कडा राहतो, मऊ थर झिजून त्याची पायरी होते. कड्याच्या मधोमध असलेली ती झाडीभरली सपाटी म्हणजे पदर. भीमाशंकरला खांडसहून शिडी घाटानं किंवा गणेश घाटानं चढलात, तर वाटेत पदरवाडी लागते, शेजारीच पदरगड. नावंच सांगतात की अजून वरचा कडा बाकी आहे. "पदरात पोचलो" म्हणजे माथ्यावर पोचलो असं समजून उरलेलं पाणी संपवणारे पुष्कळ.

पदरातून किंवा उतारावरून चढ-उतार न करता जायचं, त्याला म्हणायचं आडवं मारणं. इथं अडचण करतात त्या ढोरवाटा. गुरं उतारावर एकाच उंचीनं चरत जातात, त्यामुळे समांतर अशा चार-पाच वाटा पडतात आणि बऱ्याचदा त्या माणसांच्या वाटेपेक्षा रुंद असतात. गवत किंवा पाणी आलं की ढोरवाट संपते. ओळखायची कशी? माणसांची वाट अवघड जागी वळणं घेते, कातळावर खोबण्या दिसतात, कुठंतरी दगडावर दगड रचलेला असतो. ढोरवाटेवर शेण असतं आणि डोक्याच्या उंचीवर फांद्या आडव्या येतात, कारण गाय त्यांच्याखालून जाते.

निसण किंवा निसणी म्हणजे शिडी. कातळटप्प्याला टेकवलेली, कधी लोखंडी, कधी लाकडाची. पाऊस संपल्यावर लाकडी निसणीच्या बांधण्या कुजलेल्या असतात. आधी हातानं हलवून बघा, एका वेळी एकच माणूस, पाठपिशवी दोरानं वेगळी ओढून घ्यायची.

आता घाट. हल्ली घाट म्हटलं की डांबरी वळणं आठवतात, पण जुना घाट म्हणजे ओझ्याच्या जनावरांची वाट. सातवाहनकाळातला, कोकणातून जुन्नरकडे चढणारा नाणेघाट बघा: वरच्या टप्प्यात कातळ फोडून केलेली खिंड, बांधलेल्या पायऱ्या, माथ्याला दगडी रांजण. वाट कितपत अवघड, हे जोखायला एक प्रश्न पुरतो: "पूर्वी इथून बैल जायचे का?" "जायचे" असं उत्तर आलं, तर हात टेकायची वेळ येणार नाही. "बैल कुठला, माणूसच जातो" असं असेल, तर दोर आणि माहीतगार दोन्ही घ्या.

पण याच्या आधीचा प्रश्न वेगळा. "ही वाट खाली जाते का?" असं विचारू नका. जाते, शंभर वर्षांपूर्वी जात होतीच. विचारा, "पावसानंतर कोणी गेलंय का?" "वाट मोडली" असं कानावर आलं, तर ती कारवीत आणि गवतात बुडालेली आहे, किंवा दरड आलीय. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गुडघाभर ते कमरेएवढ्या गवतात चांगल्या मळलेल्या वाटाही दिसत नाहीत.

राहिलं अंतर. कोस म्हणजे ढोबळ 3 किलोमीटर, पण डोंगरात किलोमीटरला काही अर्थ नसतो. "हितंच हाय, हाकेवर" हे सांगणाऱ्याच्या पायांचं अंतर. आपलं गणित आपणच करायचं. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 मध्ये दिलेला हिशोब: सपाटीवर 5 किलोमीटरला 1 तास, आणि दर 600 मीटर चढाला आणखी 1 तास. पायथ्यापासून माथ्यापर्यंत 4 किलोमीटर आणि 750 मीटर चढ असेल, तर 48 मिनिटं अधिक 75 मिनिटं, म्हणजे सव्वादोन तासांच्या आत. हे मळलेल्या वाटेवर, पाठीवर हलकं ओझं असताना. नाळ असेल तर आम्ही सरळ दुप्पट धरतो, मार्च-एप्रिलच्या उन्हात त्याहून जास्त, आणि माणशी 4 लिटर पाणी खालूनच भरून घेतो. वाटेत पाणी आहे म्हणाले, तर ते कातळात कोरलेल्या टाक्यातलं की ओढ्यातलं, हेही विचारा. फेब्रुवारीनंतर ओढ्याचा भरवसा नाही.