नाइट संपल्यावरचा अभ्यास

(दृश्य: नाशिकचा गंगापूर रोड, सकाळची वेळ. एका खासगी हॉस्पिटलचा दुसरा मजला, वॉर्डातले दिवे अजून चालू.)

आठ वाजायला आलेत. नाइटच्या सिस्टर मॉर्निंगवालीला हँडओव्हर देतायत. चार नंबरला रात्रभर ताप होता, सात नंबरची सलाईन आत्ताच बदलली, बारा नंबरची शुगर उपाशीपोटी घ्यायची आहे. रजिस्टरमध्ये सगळं आहेच. शिवाय ॲप्रनच्या कडेला मायक्रोपोरची, म्हणजे ड्रेसिंगच्या कागदी चिकटपट्टीची, बोटभर पट्टी चिकटवलीय आणि तिच्यावर बॉलपेनने आकडे लिहिलेत. धावपळीत रजिस्टर दूर राहतं, ही पट्टी अंगावरच असते.

हीच मायक्रोपोर त्यांच्या पिशवीतल्या पुस्तकाच्या पाठीलाही लावलेली आहे. पुस्तक पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंगचं, म्हणजे डिप्लोमा झालेल्या नर्सेसनी पुढे करायच्या पदवीचं. वाचून वाचून शिवण सुटली, म्हणून.

(दृश्य: सिस्टर बसस्टॉपवर, मांडीवर पुस्तक.)

या सिस्टर पेठ तालुक्यातल्या. बारावीनंतर जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला, नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाली आणि दुसऱ्याच महिन्यात नोकरी धरली, कारण घरी धाकटी दोन भावंडं शिकत होती. आज नऊ वर्षं झाली. नव्याने लागलेल्या मुलींना सलाईन लावायला त्याच शिकवतात. पण नर्सिंग स्कूलमध्ये शिकवायचं किंवा पुढे एमएस्सी करायचं म्हटलं, की पहिला प्रश्न येतो: पदवी आहे का?

आमच्या नाशिकमध्ये दोन राज्यस्तरीय विद्यापीठं आहेत. दिंडोरी रोडला म्हसरूळजवळ १९९८ साली स्थापन झालेलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, आणि गंगापूर धरणाच्या वाटेवर १९८९ सालचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, ज्याचं ब्रीदच आहे 'ज्ञानगंगा घरोघरी'. मग सिस्टरांची अडचण काय? अडचण अशी, की पोस्ट बेसिकचा नियमित अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि पूर्णवेळ. म्हणजे पगार बंद. आणि मुक्त विद्यापीठातून बीए, बीकॉम कमी फीमध्ये करता येतं, कितीतरी जणी करतातही, पण ती नर्सिंगची पदवी नव्हे. बीएच्या जोरावर एमएस्सी नर्सिंगला प्रवेश मिळत नाही. हे कुणीतरी आधीच नीट सांगायला हवं. बऱ्याच जणींना ते तीन वर्षांनी कळतं.

नोकरी सांभाळून पोस्ट बेसिक करायची जी वाट आहे, ती इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची, म्हणजे इग्नूची. सिस्टरांनीही तीच धरलीय. प्रवेश परीक्षा असते. जीएनएम आणि नर्स-मिडवाइफ म्हणून नोंदणी हवी. बारावी झालेलीला नोंदणीनंतर किमान दोन वर्षांचा अनुभव, दहावीवर जीएनएम केलेलीला पाच वर्षांचा. अभ्यासक्रम किमान तीन वर्षांचा. छापील पुस्तकं मिळतात, असाइनमेंट हाताने लिहून द्यायच्या असतात.

आणि प्रात्यक्षिकं. इथे मी जरा थांबते, कारण फसवणूक होते ती इथेच. दूरस्थ म्हणजे घरबसल्या, असं नर्सिंगमध्ये होत नाही. ठरलेल्या अभ्यासकेंद्रावर जावं लागतं, वॉर्डात उभं राहून काम करून दाखवावं लागतं. आणि ते तसंच हवं. आपल्या आईच्या उशाशी असलेली सिस्टर नुसती पुस्तकं वाचून पास झालेली कुणाला चालेल? म्हणूनच यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत नर्सिंगची पदवी सर्रास दूरस्थ पद्धतीने देता येत नाही. इग्नूचा हा अभ्यासक्रम चालतो, तो आधीच नोंदणी असलेल्या, कामावर असलेल्या नर्सेससाठी.

माझ्या मावसबहिणीला एका एजंटने सांगितलं होतं, 'ताई, एक वर्षात डिग्री, यायची गरज नाही.' तिने कानातले मोडून पैसे भरले. कागद आला, शिक्का होता, फोटोही होता. नर्सिंग कौन्सिलकडे त्या कागदाची नोंद होईना. एजंटचा फोन तोवर बंद. ते कागद आजही तिच्या कपाटात साड्यांच्या खाली आहेत. म्हणून हात जोडून सांगते: पैसे भरायच्या आधी इंडियन नर्सिंग कौन्सिलकडे आणि आपल्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे मान्यता तपासा. त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा.

(दृश्य: मेट्रनची, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या प्रमुखांची खोली. टेबलावर ड्युटी चार्ट, पेन्सिलीने खोडून लिहिलेला.)

नियमित कॉलेजशी तुलना केली तर इग्नूची फी आवाक्यातली आहे. खरा खर्च या चार्टवर दिसतो. प्रात्यक्षिकाचे दिवस आले की खासगी नोकरीत बिनपगारी रजा. गाडीभाडं, राहणं वेगळं. आणि रजा मिळाली, तरी आपली ड्युटी घेणारी मैत्रीण हवी. सिस्टरांनी गेल्या वर्षी दिवाळीच्या चारही नाइट्स केल्या, त्या बदल्यात मैत्रिणीने मे महिन्यातले आठ दिवस सांभाळले. फीच्या पावतीवर हा हिशोब कुठेच येत नाही.

आज पुन्हा अर्ज आहे, शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिकांसाठी.

"मॅडम, बारा दिवस लागतील."

मेट्रन चार्टवर बोट फिरवतात. "बारा दिवस? आयसीयूला कोण उभं राहणार, सिस्टर?"

"दोघींशी बोललेय. पुढच्या महिन्यात त्यांच्या नाइट्स मी करीन."

"किती?"

"सात."

मेट्रन खोडरबर उचलतात. चार्टवरची दोन नावं पुसली जातात आणि त्या जागी पेन्सिलीने सिस्टरांचं नाव लिहिलं जातं, एकाखाली एक, सात वेळा. मग अर्जावर सही होते.

(दृश्य: सिस्टर जिना उतरतायत. ॲप्रनवरची पट्टी काढायची राहून गेलीय.)