फ्रँकलिन फील्डवरचे मर्फी मास्तर

(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी. फिलाडेल्फियात राहून पेनचं, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनियाचं, फ्रँकलिन फील्ड स्टेडियम पाहिलं नाही, असं आपल्यात कुणी क्वचितच असेल. पण तिथले धावपटूंचे कोच माइक मर्फी यांचं नाव किती जणांनी ऐकलंय?

कॉलेजात पगारी कोच ठेवायची पद्धत तेव्हा नुकती रुजत होती. मर्फी १८८७च्या सुमारास येल विद्यापीठात लागले, मग डेट्रॉइटच्या क्लबात, १८९१ साली मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल संघाकडे, पुन्हा येल, १८९६ला पेन, मध्ये परत येल आणि १९०५पासून अखेरपर्यंत पेन. आपल्यातल्या आयटीवाल्यांनाही इतक्या उड्या जमणार नाहीत!

त्यांचं नाव जोडलं जातं ते बसक्या स्टार्टशी. तोवर पळणारे उभ्यानेच सुटायचे. १८८८ साली येलमधला त्यांचा धावपटू चार्ल्स शेरिल रेषेवर हात टेकून, गुडघे मोडून बसला. शर्यत सोडणाऱ्या स्टार्टरला वाटलं, या पोराला सुरुवात कशी करतात तेच ठाऊक नाही. म्हणे शर्यत थांबवून त्याने त्याला समजवायला घेतलं. ही युक्ती मुळात कुणाची, यावर वाद आहेत. ते इतिहासकारांनी घालावेत. मर्फींनी डेट्रॉइटला तयार केलेल्या जॉन ओवेनने १८९०मध्ये १०० यार्ड ९.८ सेकंदांत मारले, हे मात्र नोंदलेलं आहे.

पेनमध्ये त्यांच्या हाताखाली आल्विन क्रेन्झलाइन होता, दातांच्या डॉक्टरकीचा विद्यार्थी. अडथळ्यांच्या शर्यतीत पुढचा पाय सरळ ताणून तो अडथळ्यावरून जवळजवळ धावतच जायचा. १९००च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये गड्याने एकट्याने चार शर्यती जिंकल्या. म्हणजे तीन शर्यती आणि एक लांब उडी.

मला स्वतःला जास्त मोलाचा वाटतो तो जॉन टेलर. आईवडील गुलामगिरीतून सुटलेले, मुलगा पेनमध्ये पशुवैद्यक शिकतोय आणि ४०० मीटर पळतोय. १९०८ला लंडनमध्ये मर्फी अमेरिकन संघाचे कोच होते. तिथे रिले जिंकून टेलर ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारा पहिला आफ्रिकन-अमेरिकन ठरला. त्याच डिसेंबरात टायफॉइडने गेला, वय २६.

मर्फी १९१२ला स्टॉकहोमलाही संघ घेऊन गेले आणि पुढच्याच जूनमध्ये वारले.

पेन रिलेज, म्हणजे फ्रँकलिन फील्डवरच्या धावण्याच्या स्पर्धा, दर एप्रिलला असतात. मंडळाची सहल न्यायची तर कार्यकारिणीने आत्ताच नावं घ्यायला लागावं. आजचं दुमजली स्टेडियम १९२२चं, वरचा मजला १९२५चा आहे हो, मर्फींच्या वेळचं नव्हे. पण जागा तीच.